सूचना : गणपतीआधी अँप्लिफायरची वीजजोडणी तपासा

सर्व सभासदांस,

गणपतीत घरोघरी अँप्लिफायर बाहेर निघतील, त्याआधी एवढं बघून घ्या. खाऱ्या हवेने प्लगच्या पितळी पिना हिरव्या-काळ्या पडतात. पकड ढिली झाली की तिथेच ठिणग्या उडतात आणि सॉकेट वितळतं. पिना बारीक पॉलिश पेपरने घासा; सॉकेटच सैल असेल तर बदला, कागदाची घडी कोंबू नका.

अँप, मिक्सर, टीव्ही एकाच बोर्डावरून घ्या. वेगवेगळ्या खोल्यांतून वीज घेतली की अर्थिंगमधल्या फरकामुळे स्पीकर घूं करतो. तो आवाज घालवायला काहीजण अर्थिंगची पिनच काढून टाकतात. हे कृपया करू नका. आत फेजची (वीज वाहणारी) तार अँपच्या बॉडीला लागली तर शॉक माइक धरणाऱ्याला बसतो, आणि भजनीबुवा तर माइक सोडतच नाहीत!

६ अँपिअरच्या सॉकेटवर २३० व्होल्टला कमाल १३८० वॅट, म्हणून त्याच एक्स्टेन्शनवर इस्त्री नको. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर वायरमनकडून बसवून घ्या; असेल तर टेस्ट बटण दाबून बघा.

आभाळ भरून आलं की गडगडाटाआधीच प्लग काढा, डिशची केबलसुद्धा. नुसतं बटण बंद करून भागत नाही.