घर घेतलं, आई-बाबा

ती. आई-बाबांस सा. न.

फोनवर आई रडते आणि बाबा गप्प होतात, म्हणून लिहितेय. केम्निट्समध्ये घर घेतलं. सह्या झाल्या. म्युनिकला याच पैशात एक खोलीही आली नसती, आणि नोकरी इथेच कायम झालीय. हिटिंग चांगलं आहे, लिफ्ट आहे, नळाला चोवीस तास गरम पाणी.

बाबा, तुम्हाला 'पूर्व जर्मनी' म्हटलं की काळजी वाटते. पण हे शहर तुम्हालाच जास्त कळेल. 1952 मध्ये पूर्व जर्मनीच्या सरकारने जुनी राज्यं मोडून जिल्हे केले. आमचा जिल्हा त्यात सगळ्यात मोठ्या लोकवस्तीचा. पुढच्याच वर्षी शहराचं आणि जिल्ह्याचं नाव कार्ल-मार्क्स-स्टाट झालं. चौकात मार्क्सचं सात मीटर उंच डोकं अजून आहे, मागच्या इमारतीत जिल्ह्याची कचेरी असायची. 1990 मध्ये लोकांनी मत देऊन शहराचं जुनं नाव परत आणलं, त्याच वर्षी जिल्हाही गेला आणि साक्सनी राज्य परत आलं. पाठोपाठ कारखाने बंद पडले, तरुण पश्चिमेकडे गेले. घरं स्वस्त आहेत ती त्यामुळे. इथे काही वाईट आहे म्हणून नव्हे.

समोरच्या आजी कार्ल-मार्क्स-स्टाटच्या काळापासून त्याच घरात आहेत. जिल्हा बदलला, राज्य बदललं, देश बदलला, त्यांचं दार तेच. त्यांच्या मुलाच्या जन्मदाखल्यावर अजून कार्ल-मार्क्स-स्टाटच आहे, मला दाखवला. मी त्यांना 1981 चं सांगितलं, रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा झाला तेव्हा तुम्ही रात्र रात्र दप्तरं वेगळी करायचात ते. त्यांनी लगेच विचारलं, "मग वडील कुठल्या बाजूला गेले?" आजवर मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी कणकवलीचं सगळं सांगत बसले.

आई, परवा ताप आला तेव्हा पेज केली, तुझ्यासारखी, लोणच्याचा खार घालून. तू कपाळावर हात ठेवायचीस, तेवढं मात्र नव्हतं. आता बरी आहे, खरंच.

मी परत येणार नाही असं नाही. आत्ता नाही, एवढंच.

आणि ऐका. बीपीची गोळी सकाळीच, चहाच्या आधी. बाबांनी परड्यातल्या विहिरीवर एकट्याने जायचं नाही. आईच्या गुडघ्याचा एक्स-रे या आठवड्यात काढा, रिपोर्ट मला पाठवा. मे महिन्यात इकडे यायचंय, थंडी सरलेली असते. कागद मी पाठवते, बाबा, तुम्ही फक्त सही करा.

तुमची,
बाय