मदरबोर्ड गेला म्हणण्याआधी एकदा डबा उघडून दाखवा

माननीय संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळा लागला की तुमच्या पेपरात ऊन लागू नये म्हणून काय करायचं, पन्हं प्या, डोक्याला रुमाल बांधा, दुपारी बाहेर पडू नका असं सगळं येतं आणि ते यायलाच पाहिजे. पण आता घरोघरी कॉम्प्युटर आहे आणि आमच्या विदर्भात त्यालाही ऊन लागतं, त्यावर कोणी चार ओळी छापत नाही आणि लोकांचे हजारो रुपये उगाच जातात, म्हणून हे पत्र लिहितोय.

मी अकोल्याचा, एसटीच्या वर्कशॉपमधून मेकॅनिक म्हणून रिटायर झालो. आमची सून घरूनच चार दुकानांचं टॅलीचं, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं, काम बघते, घराला त्या पैशाचा मोठा आधार आहे. मागच्या मे महिन्यात कॉम्प्युटर चालता चालता फटकन बंद पडायला लागला, ना निळी स्क्रीन ना काही मेसेज, कोणी वायर उपटल्यासारखा. २० तारीख जीएसटीचा ३बी रिटर्न भरायची शेवटची आणि १९ ला दुपारी चार वेळा बंद पडला. टॅली चालू असताना असं झालं की कधी कधी डेटाच खराब होतो, तिकडून दुकानदारांचे फोन चालू, पोरगी रडायलाच आली होती. शेवटी रात्री दोन वाजता गारव्यात बसून तिने रिटर्न भरले.

आधी वाटलं लाइटचा प्रॉब्लेम, यूपीएस बदलून बघितला, दुसऱ्या बोर्डात पिन लावून बघितली, काही फरक नाही. मग एका दुकानात नेला. दोन दिवस ठेवून घेतला आणि सांगितलं मदरबोर्ड, म्हणजे आतला मुख्य सर्किटचा बोर्ड, गेला, साडेनऊ हजार लागतील, त्यापेक्षा नवीनच घ्या. मी विचार करून सांगतो म्हणालो आणि कॉम्प्युटरचा डबा घरी आणला. टेबलावर ठेवताना मागे बघितलं तर साइडच्या पत्र्याच्या दोन स्क्रूंवर कोळ्याचं जाळं जसंच्या तसं, एक तारही तुटलेली नाही. म्हणजे दोन दिवसांत तो डबा उघडलाच नव्हता! माझी आयुष्यभराची नोकरी दुरुस्तीत गेली, न उघडता इंजिन गेलं असं मी एकाही ड्रायव्हरला कधी सांगितलं नाही, त्यामुळे याचा मला फार राग आला आणि अजूनही आहे.

मग मी स्वतः लक्ष घातलं. सकाळी सहाला चालू केला तर तीन तास बिनधास्त चालायचा, दुपारी चाळीस मिनिटांत बंद, लगेच परत लावला तर पाच मिनिटांतच बंद, आणि तासभर गार होऊ दिला की पुन्हा चालायचा. गाडीचं पण असंच असतं, गरम होऊन बंद पडलेली गाडी थोडी निवली की स्टार्ट होते. हे लक्षण नीट ध्यानात ठेवा, पार्ट खरंच जळलेला असेल तर तो सकाळ-दुपार बघत नाही.

शेजारचा मुलगा पॉलिटेक्निकला आहे, त्याने सांगितलं काका चालू करताना डिलीटचं बटण दाबत राहा, काही कॉम्प्युटरला एफ २ असतं, बायोस, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगचा पडदा, उघडेल, त्यात हार्डवेअर मॉनिटरमध्ये टेम्परेचर बघा. बघितलं तर प्रोसेसर, म्हणजे कॉम्प्युटरचं इंजिनच, ८४ डिग्री, काहीही काम चालू नसताना, आणि डोळ्यांदेखत ८६, ८९, ९१. इंटेलचे बरेचसे डेस्कटॉप प्रोसेसर शंभरच्या आसपास गेले की आधी आपला वेग कमी करतात आणि तेवढ्यानेही भागलं नाही तर जळू नये म्हणून मशीन बंद करतात. म्हणजे बिचारा स्वतःचा जीव वाचवत होता आणि आम्ही त्यालाच मोडीत काढायला निघालो होतो.

प्लग काढला, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून ठेवलं आणि पत्रा उघडला. पंख्याच्या खाली ॲल्युमिनियमच्या पात्या असतात, तोच त्याचा रेडिएटर, त्या पात्यांमध्ये बोटभर जाड धुळीचा थर, गोधडीतला जुना कापूस असतो ना तसा आणि वरून पांढरट. ते पांढरं कुठून आलं तर आमच्या कूलरचं! आम्ही खारपाणपट्ट्यातली माणसं, पाणी खारं, आणि सुनेने चांगल्या मनाने कूलरचं तोंडच कॉम्प्युटरकडे केलं होतं की त्याला गार लागेल. बारीक तुषार आत जाऊन धूळ ओली व्हायची, वाळायची आणि थिजून बसायची. शिवाय पंख्याच्या चार पायांपैकी एक सुटलेला, हात लावला की अख्खा पंखा डुगडुगत होता.

मऊ ब्रशने धूळ काढली, पंखा बोटाने धरून, कारण साफ करताना तो गरागरा फिरला तर खराब होऊ शकतो. बरेच लोक डबा उचलून पंक्चरवाल्याकडे हवा मारायला नेतात, ते करू नका, त्या टाकीत पाणी साचलेलं असतं आणि प्रेशरही जास्त. ओलं फडकं नको. ज्या पेटीत पॉवरची वायर जाते ती एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लायची पेटी, ती घरी बिलकुल उघडू नका, प्लग काढल्यावरही आत करंट साठलेला राहतो. मग पात्यांसकट पंखा काढून प्रोसेसरवरची जुनी पेस्ट, जी त्याची उष्णता पात्यांपर्यंत पोचवते आणि वाळून खडूसारखी झाली होती, ती स्पिरिटने पुसली, तुरीच्या दाण्याएवढी नवीन थर्मल पेस्ट लावली आणि चारही पाय टक आवाज येईपर्यंत तिरके समोरासमोरचे आधी असे दाबून बसवले. खर्च, पेस्टचे २५० आणि स्पिरिट-ब्रशचे सत्तर. टेबलाच्या ज्या कप्प्यात डबा कोंबला होता त्याची मागची प्लाय मी करवतीने कापून टाकली, गरम हवा निघणार कुठून?

मेमध्येच असं का होतं तेही सांगतो. काम चालू असताना प्रोसेसर खोलीच्या हवेपेक्षा अमुक इतका गरम राहतोच. हिवाळ्यात खोली २५ असताना जो कामाच्या वेळी ७५ वर असतो तोच खोली ४० झाली की ९० ला जातो, मधली धूळ आणि वाळलेली पेस्ट उरलेलं काम करते. म्हणून जानेवारीत ठीकठाक चाललेलं मशीन मेमध्ये दगा देतं.

सगळेच दुकानदार असे असतात असं माझं म्हणणं नाही. मदरबोर्डवरचे कपॅसिटर, म्हणजे छोट्या डब्यांसारखे उभे पार्ट, वरून फुगलेले दिसले, किंवा साफ करूनही टेम्परेचर साधं असताना बंद पडत असेल तर खरंच पार्ट गेलेला असू शकतो. पण मग गिऱ्हाईकासमोर डबा उघडा, बायोसमधलं टेम्परेचर दाखवा आणि बिलावर लिहून द्या, एवढंच मागणं आहे. आणि संपादक साहेब, तुम्हाला विनंती की होळीच्या सुमारास, लोक कूलर खाली काढून ताट्या बदलतात ना, त्याच आठवड्यात कॉम्प्युटरचा डबा साफ करा अशी एक चौकट दरवर्षी छापा, एखाद्या जाणकाराकडून लिहून घेऊन.

काल दुपारी बाहेर ४४ डिग्री होतं. सून तीन तास सलग टॅलीवर बसली होती, उठल्यावर मी बायोस उघडून बघितलं, ५८.

आपला नियमित वाचक,
अकोला