सापळ्याच्या मुंडावळ्या

प्रिय बंड्या,

दीड वर्ष तुझ्या मेसेजना उत्तर नाही, आधी शिव्या घालून घे. तब्येत बरी, पित्त आहेच.

काल इथे चेक प्रजासत्ताकात ब्रनोहून बसने क्रश्तिनीला गेलो होतो. नाव घेताना जीभ अडकते, अर्थ सोपा, बाप्तिस्मा. एवढंसं बाजारगाव, भोवती जंगल आणि मधोमध अवाढव्य चर्च, म्हणजे आपल्या एसटी स्टँडमागे कुणी सीएसएमटी आणून ठेवावं तसं. सांतिनी नावाच्या आर्किटेक्टचं डिझाइन, तो बिचारा १७२३ मध्येच गेला, काम मागे चालूच राहिलं. वर ३३ घंटा आहेत, सुरात वाजतात, आपल्या शाळेच्या घंटेसारखं लोखंड बडवणं नाही.

पण लिहितोय ते चर्चच्या तळघरामुळे. तिथे १९९१ मध्ये हाडांचा ढीग सापडला, त्यातल्या १२ कवट्यांच्या कपाळावर काळ्या रंगात पानांचा हार काढलाय आणि मध्ये इंग्रजी टीसारखी खूण. सगळे गप्प उभे, बायको तर हात जोडून, आणि मला खुदकन हसू फुटलं. अरे मुंडावळ्या! डिट्टो शाळेच्या लॅबमधला आपण रंगवलेला सापळा, पोस्टर कलरच्या मुंडावळ्या आणि मध्ये गंध! बायकोने असं बघितलं की बस. तिला काय सांगणार.

मग हसू गेलं. ऐक आता, मध्ये बोलू नकोस. त्या दिवशी सरांनी मला एकट्याला बोलावलं तेव्हा तुझं नाव मीच सांगितलं. रंग माझा, ब्रश माझा, गंधही मीच ओढलं, तू फक्त दाराशी खोकायला उभा होतास (तेही चुकीच्या वेळी खोकलास, हे मी आजही म्हणणार). आठ दिवस तू वर्गाबाहेर आणि मी आत बसून तुला खिडकीतून चिंचा देतोय, वर उपकार केल्यासारखा. नाव सांगितल्याचा संशय तू आपल्या दिलीपवर, दिल्यावर घेतलास, मी हो म्हटलं नाही, पण नाहीही म्हटलं नाही. तुझ्या लग्नाला तू त्याला बोलावलं नाहीस आणि मी त्याच पंगतीत जिलब्या हाणत होतो. आठ की नऊ? तूच मोजल्या होत्यास. रात्रभर तेच डोक्यात. एवढी वर्षं झाली, आता सांगून काय, असंही वाटलं, पण त्या कवट्या काही डोळ्यांसमोरून जाईनात.

पोरीची बारावी कशी गेली? दुकानाचं काम संपलं का? वहिनींना नमस्कार.

दिल्याचा नंबर असला तर पाठव. किंवा आधी तूच फोन कर त्याला, मी मग करतो. हो, माहितेय, परत तुलाच पुढे करतोय.

तुझा,
पक्या