२८ इंची म्हणून विकलेल्या, पण रिमवर न बसणाऱ्या टायरची रक्कम परत मिळण्याबाबत

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

वडिलांची जुनी काळी, रॉड ब्रेकची सायकल पुन्हा चालती करावी म्हणून मी ४ जुलै रोजी आपल्या संकेतस्थळावरून टायरची जोडी मागवली. विक्रीच्या पानावर 'रॉड ब्रेकच्या सायकलींसाठी, २८ इंच' एवढेच लिहिलेले होते. नौपाड्यातील आमच्या सायकलवाल्यांनी टायरची एक कड कशीबशी रिमवर चढवली, परंतु दुसऱ्या कडेची तार वीतभर अंतरावर येऊन अडली आणि लिव्हरने जोर लावताच नवी ट्यूब चिमटून फुटली.

दूरध्वनी केला असता आपल्या प्रतिनिधींनी 'मग एक नंबर मोठा घ्या' असा सल्ला देऊन, फरकाची रक्कम घेऊन, २९ इंची जोडी बदलून पाठवली. तीही नेमकी तिथेच अडली.

तेव्हा कुठे मी जुना टायर ओल्या फडक्याने पुसून टॉर्चच्या उजेडात पाहिला. त्याच्या कडेला ४०-६३५ असे आकडे निघाले. आपल्या २९ इंची टायरवर ५०-६२२ आहे. पहिला आकडा टायरच्या रुंदीचा आणि दुसरा टायर रिमवर जिथे बसतो तिथल्या व्यासाचा, दोन्ही मिलिमीटरमध्ये. आपल्याकडील २८ आणि २९ या दोन्ही इंची नावांखाली रिम तीच ६२२ची असते, केवळ टायर जाड झाल्याने नाव वाढते. माझी रिम मात्र ६३५ची, म्हणजे दुकानदार ज्याला आजही 'अठ्ठावीस-दीड' म्हणतात ती. व्यासातील हा १३ मिलिमीटरचा फरक परिघात ४ सेंटिमीटरचा होतो आणि टायरमधील पोलादी तार तेवढी ताणली जात नाही.

आता टायरवर लिव्हरचे ओरखडे असल्याने तो 'वापरलेला माल' ठरवून आपण परत घेण्यास नकार दिला आहे. लिव्हर न लावता असा टायर चढवणारा कारागीर आपल्याकडे असल्यास त्यास ठाण्याला जरूर पाठवावे.

वर्णनाशी न जुळणारा माल परत घेणे ई-कॉमर्स नियम, २०२० नुसार विक्रेत्यावर बंधनकारक आहे. त्यामुळे टायरचे १,४८० रुपये व ट्यूबचे १९० रुपये १५ दिवसांत परत करावेत, टायर आपल्या खर्चाने न्यावेत आणि विक्रीच्या पानावर इंचांसोबत ६२२ की ६३५ हेही छापावे. अन्यथा मला ठाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करावी लागेल. देयकाची प्रत व दोन्ही टायरवरील आकड्यांची छायाचित्रे सोबत जोडली आहेत.

आपला,
एक ग्राहक, नौपाडा, ठाणे