हेडमास्तर झालेल्या मित्रास पत्र

दारव्हा, जि. यवतमाळ
दि. ८ जून २०२५

प्रिय गजू,

सप्रेम नमस्कार.

हेडमास्तर झालास त्याचं अभिनंदन फोनवर करून झालंय, पेढे मात्र मंगरुळपीरहून दारव्ह्याला अजून पोचले नाहीत, याची नोंद घ्यावी. तू पाठवलेली नियमावली वाचली. तुला हवा होता फक्त गणवेशाचा भाव, आणि खाली "जरा नजर टाक बे यावर" असं लिहिलंस. शिंप्याला कपड्यांच्या नियमांवर नजर टाकायला सांगितलीस, तर आता हे पत्र वाच. दुकानात यावर बोलता येत नाही, गिऱ्हाईक कान देऊन बसतं. म्हणून रात्री मशीन झाकून लिहायला बसलो.

तुझा शेवटचा नियम आधी घेतो. "शाळा सुरू झाल्यापासून आठ दिवसांत नवा गणवेश, अन्यथा वर्गात प्रवेश नाही." अरे, आपल्याकडे शाळा उघडते जूनच्या शेवटी, आणि तेव्हाच पेरणी. बियाणं, खत, मजुरी यांत घरातला रुपया न रुपया गेलेला असतो. सोयाबीन घरात यायला दसरा-दिवाळी उजाडते. माझ्या उधारीच्या वहीतला जुलै महिना तू बघायला हवास. तू कास्तकाराच्या घरचा, तुला हे मी सांगावं का? तुझ्या थोरल्या भावाची पँट आखूड करून तू घालत होतास आणि ती माझ्या बाबांनीच आखूड केली होती. मुदत पोळ्यापर्यंत दे. जुन्या कपड्यातलं पोरगं वर्गात बसलं म्हणून गणित काही बिघडत नाही.

आणि वरून एकच माप उतरलं की काय होतं ते आपण २०२४-२५ मध्ये पाहिलंच आहे. एक राज्य, एक गणवेश. सरकारी शाळांतल्या पोरांना आकाशी शर्ट आणि गडद निळी पँट, पोरींना त्याच रंगांत, शिलाई महिला बचत गटांकडे. त्या बायांचा दोष नव्हता, त्यांना मापं घेऊ दिलीच कुठे? कितीतरी शाळांत पंधरा ऑगस्टच्या झेंडावंदनाला पोरं जुन्याच कपड्यांत उभी होती. आणि जे गणवेश आले ते आमच्याकडे उसवायला आले. खांदा दंडावर उतरलेला, कमरेत दोन पोरं मावतील एवढी पँट. डिसेंबर २०२४ मध्ये सरकारनं ते गुंडाळलं आणि काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिलं. जिथलं पोरगं तिथंच माप, एवढं कळायला एक अख्खं सत्र गेलं.

आता मुद्द्याचं. "डोक्यावर कोणतेही वस्त्र चालणार नाही." हे कोणासाठी लिहिलंस ते तुला माहीत आहे आणि मलाही. म्हणून आडून बोलत नाही.

मागच्या आठवड्यात दुकानात एक पोरगी आली, आईबरोबर. नववीत जाणार. सलवार-कुर्त्याचं माप झालं. मी खडूनं ओढणीची खूण करणार तेवढ्यात ती हळूच म्हणाली, "काका, ओढणी थोडी मोठी होईल का?" किती मोठी विचारलं, तर तिनं टेपचं टोक स्वतःच धरलं, डोक्यावरून घेतलं, हनुवटीखाली पिन लावतात तिथं बोट ठेवलं आणि टेप दुसऱ्या खांद्यावर सोडला. तिनं आधीच हिशेब करून ठेवला होता. तोच तागा, तोच पांढरा रंग, वीतभर जास्त कापड. गजू, ओढणी तर तुझ्याही गणवेशात आहे. खांद्यावर घडी करून पिन लावली की शिस्त, आणि तीच वर सरकली की नियमभंग, हे त्या पोरीला मी कसं समजावू? कापड माझ्या हातात होतं, मी वीतभर जास्त कापलं आणि तिच्या शाळेचं काय ते तिच्या शाळेवर सोडलं.

आणि आपल्याकडच्या उन्हाचं काय? मार्चपासून आपल्या भागातली एकूण एक पोरगी डोकं, तोंड, कान दुपट्ट्यानं बांधून सायकलवर येते, फक्त डोळे दिसतात. मराठ्याची, बौद्धाची, बंजाऱ्याची, मुसलमानाची, कोण कोणती ते ओळखू येत नाही. पुरुषही डोक्याला शेला गुंडाळतात. पंचेचाळीस डिग्रीत डोक्यावरचं कापड कुणाला खटकत नाही. फाटकात सगळ्या दुपट्टे सोडतात, दोघी-तिघी सोडत नाहीत, तेव्हा अचानक ते दिसायला लागतं.

तू म्हणशील, कोर्टानंच सांगितलंय. आपली धाकटी अमरावतीला लॉ करते, तिनं मला हे सगळं नीट समजावून सांगितलं. शाळा-कॉलेजात ठरलेलाच गणवेश घालायचा, म्हणजे हिजाब बंद, हा कर्नाटक सरकारचा आदेश ५ फेब्रुवारी २०२२ चा. १५ मार्चला तिथल्या हायकोर्टानं तो उचलून धरला, हिजाब हा धर्माचा अत्यावश्यक भाग नाही म्हणून. पण सुप्रीम कोर्टात १३ ऑक्टोबर २०२२ ला दोन न्यायाधीशांची दोन मतं पडली. न्या. हेमंत गुप्तांनी बंदी बरोबर ठरवली. गणवेश सगळ्यांना सारखा असावा, हा त्यांचा मुद्दा. न्या. सुधांशू धुलियांनी ती रद्द करायची म्हटली आणि विचारलं की त्या मुलीचं शिक्षण अडवून आपण तिचं आयुष्य सुधारतोय का? योग्य पीठ नेमण्यासाठी प्रकरण सरन्यायाधीशांकडे गेलं. कोर्टात गेलेल्या मुलीही गणवेशाच्याच रंगाची ओढणी डोक्यावर घेऊ द्या म्हणत होत्या, हे मला ठाऊक नव्हतं. मुंबईत चेंबूरच्या कॉलेजात हिजाब, टोपी, बिल्ल्यांवर बंदी आली. हायकोर्टानं जून २०२४ मध्ये त्यात हात घातला नाही, आणि ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टानं तेवढ्या भागाला स्थगिती दिली. मग टिळा-टिकलीवरही बंदी घालणार का, असं न्यायाधीशांनीच विचारलं. तेव्हा "कोर्टानं सांगितलंय" हे वाक्य पालकसभेत वापरू नकोस, एखादा वकील पालक तोंडघशी पाडेल.

धाकटीनं सांगितलेलं केरळचं प्रकरण मात्र मला जास्त पटलं. तीन भावंडं राष्ट्रगीताला मान राखून उभी राहायची, पण त्यांच्या पंथात बसत नाही म्हणून गायची नाहीत. शाळेनं काढून टाकलं. १९८६ मध्ये सुप्रीम कोर्टानं त्यांना परत घ्यायला लावलं. पोरं उभी होती, कुणाचा अपमान करत नव्हती, कुणाला त्रास देत नव्हती. मी असतो तर कदाचित चिडलो असतो, खरं सांगतो. पण काढलं नसतं.

तुझ्या मनातला दुसरा प्रश्नही मला माहीत आहे. घरच्यांच्या धाकानं बांधत असेल तर? असतील तशाही. आपल्या पोरींवर धाक नाही का? दहावीनंतर तालुक्याला कशाला, म्हणणारे बाप आपल्या आळीत आहेत. पण धाकातली पोरगी फाटकातून परत पाठवलीस, तर ती त्याच घरात परत जाते आणि वर्षभरात तिची सोयरीक जुळते. तुझ्या शाळेत बसली तर निदान बारावीपर्यंत तुझ्या नजरेखाली राहील. हां, तोंड पूर्ण झाकून वर्गात बसणं मलाही पटत नाही. मास्तरला पोराचं तोंड दिसलं पाहिजे, नाहीतर समजलं की नाही हे कळायचं कसं? तेवढं लिही, आणि सगळ्यांसाठी लिही.

धाग्यादोऱ्यांचा नियम तर काढूनच टाक. माळकऱ्याच्या पोराची तुळशीमाळ, परित्राण पाठानंतर मनगटाला बांधलेला पांढरा दोरा, कुणाचा ताईत, कुणाचा बालाजीचा लाल-पिवळा धागा. तुझ्या शाळेच्या फाटकावर कात्री घेऊन शिपाई उभा करशील काय? तो पहिल्याच दिवशी कोणाचा तरी दोरा कापेल आणि गावात दोन तट पडतील. शिवाय तांड्यावरच्या एखाद्या पोरीच्या हातावर आजीनं गोंदून घेतलेलं असतं, ते कशानं पुसणार? राखी, टिळा, मेंदीवरून पोरांना शिक्षा करू नका, असं राष्ट्रीय बालहक्क आयोगानंच ऑगस्ट २०२३ मध्ये राज्यांना कळवलंय. आणि नांदेडकडून आलेल्या शिकलकरी शिखांचं पोरगं पटका बांधून आलं तर तू काढायला सांगणार नाहीस, मला खात्री आहे. त्यांचं कृपाण तर संविधानाच्या कलम २५ मध्येच नमूद आहे. मग जे संविधानात नावानिशी लिहिलं नाही, त्याला आपण आपल्या हातानं थोडी जागा द्यायला काय हरकत आहे?

केसांवर माझी-तुझी भांडणं होणार. नववीतले पोट्टे दोन्ही बाजूंना वस्तऱ्यानं रेघा मारून येतात, वर सोनेरी रंग. माझ्या शेजारच्या सलूनवाल्याचा धंदा त्यावरच चाललाय. मला ते डोळ्यांसमोर नको वाटतं. पण दहावीच्या गॅदरिंगला केस कानावर सोडून, कमरेला चुण्याच चुण्या असलेली बॅगी पँट घालून नाचलेला पोट्टा आज हेडमास्तर आहे, हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. रंग नको, डोळ्यांवर केस नकोत, प्रयोगशाळेत मोकळे केस नकोत, एवढं पुरे. उवांचं कारण असेल तर आईला बोलवून सांग. पण प्रार्थनेच्या वेळी रांगेतून ओढून पोराच्या डोक्यात कात्री घालायची, ही जी तुमच्या काही मास्तरांची हौस असते, ती बंद कर. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ मध्ये मारण्याला आणि मानसिक छळाला, दोन्हींना मनाई आहे. अर्धं कापलेलं डोकं घेऊन पोरगं भर बाजारातून घरी जातं, त्याला दुसरं काय म्हणायचं?

आमच्या गल्लीतल्या एका पोराला माहूरचा नवस होता. पाचवीत गेलं तरी जावळ राहिलेलं, पाठीवर दोन वेण्या. पोरं "बाई, बाई" करून पिडायची. त्याच्या वर्गशिक्षिकेनं त्याला एक दिवस समोर उभं केलं आणि सांगितलं, "याच्या घरचा नवस आहे, फिटला की केस निघतील. तोवर हा जसा आहे तसा आहे." कुणाला भाषण नाही, कुणाला शिक्षा नाही. ती बाई बौद्ध, नवस-बिवस काही मानत नाही. दिवाळीनंतर माहूरला जाऊन आले, पोरगं चकोट होऊन वर्गात बसलं. मला तर वाटतं तुझ्या नियमावलीपेक्षा तुझ्या शाळेत अशी एक बाई असली तर बरं.

मी काही गणवेशाच्या विरोधात नाही. माझं पोट त्यावर आहे. आणि एकाच रंगाचं कापड अंगावर असलं की पाटलाचं आणि सालदाराचं पोरगं लांबून सारखं दिसतं, हे मलाही आवडतं. जवळून दिसत नाही, कॉलर सांगतेच. पण मी प्रत्येक गणवेशात दुमडीला आणि बगलेला माया, म्हणजे शिवणीत जादा कापड, सोडतो, कारण पोरगं वाढणार असतं. एका पोरीच्या दंडावर कोड होतं, तिच्या शाळेनं तिला पूर्ण बाही दिली, कुणी हूं की चूं केलं नाही. तिच्यासाठी बाही लांब होते, तर दुसरीसाठी ओढणी का नाही?

तेव्हा असं कर. नियम व्यवस्थापन समितीपुढे ठेव, आणि त्या बैठकीला ओढणीवाल्या पोरींच्या आयाही बोलाव. कापड आणि रंग शाळा ठरवेल. डोकं झाकायचं असेल तर गणवेशाच्याच कापडानं, तोंड उघडं. माळ, धागा, ताईत शर्टाच्या आत. कुणालाही कपड्यावरून वर्गाबाहेर काढायचं नाही, घरी चिठ्ठी द्यायची. एवढं अर्ध्या पानात बसतं.

आता भाव. शिलाई मागच्याच वर्षीची. शंभराच्या वर जोड असतील तर काज-बटणाचे वेगळे घेणार नाही. ओढणी मोठी हवी असेल त्यांच्याकडून जास्तीच्या कापडाचेच पैसे, शिलाईचे नाहीत. टेरीकॉटचे तीन नमुने सकाळच्या मंगरुळपीर गाडीच्या कंडक्टरजवळ देतोय, स्टँडवर कोणाला तरी पाठव. पांढऱ्यातला मधला घे, पहिला दोन धुण्यांत पिवळा पडतो. मापं घ्यायला मी स्वतः येईन, पण पेरणीचे दिवस सोडून तारीख दे, नाहीतर पोरं वावरात आणि मी रिकाम्या वर्गात. येताना पेढे वसूल करीन.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
अशोक