ज्या पद्धतीला नावं ठेवली, तीच सुचवली!

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

परवाचा ‘प्रमाणशीर’वरचा अग्रलेख वाचला आणि एक दिवस मुद्दाम थांबलो, कारण रागाच्या भरात लिहिलेली पत्रं आपण छापत नाही, असा अनुभव आहे. (मागचं छापलंत, पण शेपूट कापून.) थांबूनही राग उतरलेला नाही, तेव्हा लिहितोच.

लोकसभा-विधानसभेला प्रमाणशीर प्रतिनिधित्व (म्हणजे मतांच्या प्रमाणात जागा) आणलं की आघाड्या खऱ्या होतील आणि फोडाफोड थांबेल, असं आपण सुरुवातीला म्हणता. ते आपलं मत, ठीक आहे. पण पुढच्याच रकान्यात, राजकारणाचा कसा विचका झालाय हे दाखवायला जून 2022 ची महाराष्ट्रातली राज्यसभा निवडणूक काढता आणि हळहळता, की पहिल्या पसंतीची 33 मतं मिळवणारा पडला आणि 27 वाला निवडून आला. अहो, ती निवडणूक प्रमाणशीर पद्धतीनेच झाली होती की! राज्यघटनेच्या अनुच्छेद 80 च्या चौथ्या खंडात तसं स्वच्छ लिहिलंय: प्रमाणशीर प्रतिनिधित्व, एकल संक्रमणीय मत (म्हणजे मत एकच, पण पसंतीक्रम लावून दिलेलं, वर उरलेलं मूल्य पुढच्या पसंतीकडे जातं). एकाच अग्रलेखात आधी औषध म्हणून जे लिहून दिलंत, तेच खाली रोग म्हणून दाखवलंत. लिहिणाऱ्याने आणि तपासणाऱ्याने एकमेकांचं वाचलं नसावं.

हे मी एवढं मनाला लावून घ्यायचं कारण घरगुती आहे. त्या रात्री आमचे थोरले मेहुणे मुक्कामाला होते. काही मतांवरच्या आक्षेपांमुळे मोजणी अडकली होती आणि आम्ही दोघं टीव्हीसमोर जागे. पहाटे आकडे आले तसे मेहुणे ताडकन उठून बसले. ‘‘जावईबापू, तेहतीस मोठे की सत्तावीस?’’ मी पाठकोऱ्या कागदावर गणित मांडून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी कागद उलटला आणि मागचं विजेचं बिल वाचत बसले. तेव्हापासून कुठेही ‘33 विरुद्ध 27’ छापून आलं की कात्रणाचा फोटो माझ्या मोबाइलवर येतो. परवा सकाळी आला तो आपल्या अग्रलेखाचा. खाली फक्त एक प्रश्नचिन्ह.

तेव्हा तेच गणित इथे मांडतो. आमदारांची वैध मतं 284, जागा सहा. जागांत एक मिळवून त्या आकड्याने मतांना भागायचं. प्रत्येक मताचं मूल्य 100 धरतात, म्हणून 28,400 भागिले 7, अपूर्णांक सोडायचा, वर एक मिळवायचा. आले 4,058. हा निवडून यायला लागणारा कोटा, म्हणजे साडेचाळीस मतांच्या किंचित वर. आता भाजपच्या तिघांची पहिल्या पसंतीची मतं बघा: पीयूष गोयल 48, अनिल बोंडे 48, धनंजय महाडिक 27. बेरीज 123. तीन कोट्यांना लागतात 121.74. बसले तिघं. महाविकास आघाडीचे (शिवसेना, राष्ट्रवादी, काँग्रेस) चौघं: इम्रान प्रतापगढी 44, प्रफुल्ल पटेल 43, संजय राऊत 41, संजय पवार 33. बेरीज 161. चार कोट्यांना लागतात 162.32. चौथा कसा बसणार? गोयल आणि बोंडे यांच्या मतपत्रिकांवर दुसरी पसंती महाडिकांना होती, त्यामुळे कोट्याच्या वरचं मूल्य त्यांच्याकडे आलं. ज्याच्याकडे अतिरिक्त मूल्य जास्त, त्याचं वाटप आधी होतं, म्हणून त्या दोघांना 48-48 देऊन ठेवलेली. यात चमत्कार नाही आणि चोरीही नाही. 27 आणि 33 समोरासमोर ठेवायचेच नसतात, 123 आणि 161 ठेवायचे असतात.

शिवसेनेचं एक मत बाद झालं म्हणून पवार पडले, असं मेहुणे अजून म्हणतात. ते धरलं तर कोटा 4,072 होतो, आघाडीला 162.88 लागतात आणि हातात 162. तरी पडलेच. कोठडीत असलेल्या आघाडीच्या दोन आमदारांनाही मतदान करू दिलं असतं तर मात्र अंतर अक्षरशः केसभर उरलं असतं. हे मी मेहुण्यांना अजून सांगितलेलं नाही, आणि ते आपलं वर्तमानपत्र वाचतात म्हणून जरा जपूनच लिहितोय.

मला म्हणायचंय ते एवढंच, की पद्धतीने तिचं काम चोख केलं. गळती लागली होती ती आघाडीला. नोव्हेंबर 2019 मध्ये विश्वासदर्शक ठरावाला 169 हात वर झाले होते, अडीच वर्षांनी चौघांची मिळून 161. तिकडे 106 आमदारांच्या पक्षाला 123 पडली. वरची 17 कुठून आली? अपक्ष आणि छोट्या पक्षांकडून. राज्यसभेला पक्षाच्या आमदाराने मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवून मग पेटीत टाकायची असते, 2003 पासून. अपक्षाने कोणाला दाखवायची? म्हणून तर निवडणूक लागली की सगळे पक्ष आपापले आमदार हॉटेलात नेऊन ठेवतात. आणि व्हिप मोडून मत दिलं तरी या निवडणुकीत पक्षांतरबंदी कायद्याने आमदारकी जात नाही. दहा दिवसांनी विधान परिषदेला तर मतदान गुप्तच. तिथे काँग्रेसचे पहिल्या क्रमांकाचे चंद्रकांत हंडोरे पडले, दुसरे भाई जगताप निवडून आले, आणि त्याच रात्री एकनाथ शिंदे आणि त्यांचे आमदार सुरतेच्या वाटेला लागले. ही निवडणूकसुद्धा प्रमाणशीरच, अनुच्छेद 171. फोडाफोड थांबवणारी पद्धत ती हीच काय?

आता आपल्या परदेशी दाखल्यांकडे. न्यूझीलंडचं नाव आपण आदर्श म्हणून घेतलंय. तिथे 1993 च्या सार्वमताने ही पद्धत आली आणि 1996 ला तिची पहिली निवडणूक झाली. विन्स्टन पीटर्स यांचा न्यूझीलंड फर्स्ट 17 जागा घेऊन मधोमध बसला. प्रचारात सत्ताधारी नॅशनल पक्षावर एवढं तोंडसुख घेतलेलं, की हे आता लेबरबरोबर जाणार असं मतदार धरून चालले होते. दोन महिने दोन्हीकडे बैठका झाल्या आणि डिसेंबरात सरकार आलं ते नॅशनलबरोबरच. ऑगस्ट 1998 मध्ये आघाडी मोडली, पीटर्स यांचा पक्ष फुटला आणि त्यांचे जवळपास निम्मे खासदार सरकारला टेकू द्यायला तिकडेच राहिले. ओळखीचं वाटतंय ना? 2001 मध्ये त्यांना पक्ष बदलणाऱ्या खासदारांविरुद्ध कायदा करावा लागला. तरीही 2011 च्या सार्वमतात लोकांनी हीच पद्धत ठेवली, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. जर्मनीत 2021 च्या तीन पक्षांनी पावणेदोनशे पानांचा करार लिहून काढला होता. नोव्हेंबर 2024 मध्ये चॅन्सेलरनी अर्थमंत्र्यांना घरी पाठवलं आणि करार कपाटात गेला. पुढच्या फेब्रुवारीत एका नव्या पक्षाला 4.98 टक्के मतं पडली आणि पाच टक्क्यांच्या अटीमुळे जागा मिळाली शून्य. इस्रायलचं आपण नावच घेतलं नाहीत. एप्रिल 2019 ते नोव्हेंबर 2022 या काळात तिथे पाच निवडणुका झाल्या. आणि निवडणुकीनंतर जोडीदार बदलायला ही पद्धत लागते असंही नाही, ते 2019 च्या निकालानंतर महाराष्ट्राने साध्या, ज्याला जास्त मतं तो निवडून अशा पद्धतीतच करून दाखवलंय.

मी प्रमाणशीरच्या विरोधात आहे असं कृपया समजू नये. 2024 च्या लोकसभेला राज्यात दोन्ही आघाड्यांच्या मतांत नावापुरता फरक होता आणि जागा 30 विरुद्ध 17. बसपला 2014 मध्ये देशभरात चार टक्क्यांवर मतं पडली आणि खासदार एकही नाही. यात खोट आहे, हे शाळकरी पोरालाही दिसतं. पण प्रमाणशीर म्हणजे कुठली, हे आपण सांगतच नाही. पसंतीक्रमाची, की पक्षांच्या याद्यांची? याद्यांची असेल तर यादीचा क्रम लावणार कोण? आपल्याकडे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा एबी फॉर्म शेवटच्या दिवशी शेवटच्या तासाला निघतो आणि कधी कधी एकाच जागेवर दोघांच्या हातात पडतो. तिथे मतदाराचा लाडका उमेदवार यादीत तळाला आणि श्रेष्ठींचा भाचा वर. हरला म्हणून त्याला घरी बसवायचीही सोय राहणार नाही. घटना समितीत जानेवारी 1949 मध्ये हा विषय निघाला तेव्हा डॉ. आंबेडकरांनी त्याला विरोध केला होता. मतदारांमधली निरक्षरता हे एक कारण, आणि सभागृहाचे तुकडे होऊन सरकार डळमळेल हे दुसरं. पहिलं कारण आता तितकं राहिलं नसेल. दुसऱ्याचा निदान उल्लेख तरी अग्रलेखात हवा होता. तेवढी जागा खालच्या जाहिरातीने खाल्ली असल्यास कल्पना नाही.

आणि शेवटचं. ‘महापालिकांच्या बहुसदस्यीय प्रभागांमुळे मतदाराला प्रमाणशीर पद्धतीची सवय झालेलीच आहे’ हे वाक्य आपण कोणाला विचारून लिहिलंत? चार सदस्यांच्या प्रभागात प्रमाणशीर काहीही नसतं. अ, ब, क, ड अशा चार वेगळ्या जागा, चार वेगळी मतं, प्रत्येक जागेवर ज्याला जास्त तो निवडून. एकाच पक्षाची लाट आली की चारही त्याचे, बाकीच्यांची मतं पाण्यात. याला प्रमाणशीर म्हणायचं असेल तर मेहुण्यांचं गणितही बरोबरच म्हणावं लागेल.

आम्हाला सवय झाली आहे ती वेगळ्याच गोष्टीची. आमच्या गल्लीच्या तोंडाशी ड्रेनेजचं झाकण खचलंय. पावसात तिथे कुणीतरी एक बांबू रोवून त्याला लाल फडकं बांधलं, ते फडकं आता विटून गुलाबी झालंय. मी चौघाही नगरसेवकांकडे गेलो. ‘अ’ म्हणाले, तो भाग ‘क’ बघतात. ‘क’ बाईंचे यजमान म्हणाले, निधी ‘ब’नी आधीच टाकलाय, त्यांना विचारा. ‘ब’ म्हणाले, काका, आमचं आणि त्यांचं वरती फिसकटलंय, आता आम्ही सही केली तर श्रेय त्यांना जाईल. राहिले ‘ड’. ते फोन उचलत नाहीत. निवडून आल्यापासून ते दोनदा इकडून तिकडे गेलेत, त्यामुळे त्यांचा पक्ष सध्या कुठल्या आघाडीत आहे आणि तक्रार कोणाच्या कार्यालयात द्यायची, हे गल्लीत कोणालाच सांगता येत नाही. आपल्या बातमीदाराला ठाऊक असेल तर कृपया छापावं. अग्रलेखात नको, आतल्या पानावर चालेल.

कळावे,
आपला,
एक जुना वर्गणीदार