एकशे ब्याण्णव मतांविषयी

सांगोला,
1 डिसेंबर 2024

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या दिवाळीच्या पत्राला उत्तर द्यायचे राहिले, त्याआधीच्या दोन पत्रांनाही राहिले. माझा गुडघा आहे तसाच आहे, रक्तदाब गोळीवर आटोक्यात आहे. आता मूळ विषयाकडे येतो, कारण गेले दहा दिवस तो मला स्वस्थ बसू देत नाही आणि तुझ्याखेरीज तो दुसऱ्या कोणाला समजणारही नाही.

20 नोव्हेंबरला विधानसभेसाठी धाकटीने पहिल्यांदा मतदान केले. आपल्या जुन्या शाळेतच केंद्र होते. रांगेत उभी असताना तिने मला आबासाहेबांविषयी, म्हणजे आपल्या सांगोल्याचे शेतकरी कामगार पक्षाचे आमदार गणपतराव देशमुख यांच्याविषयी विचारले, "बाबा, आबासाहेब पडले तेव्हा तुम्ही कोणाला मत दिलं होतं?" मी क्षणाचाही विचार न करता म्हणालो, "आबासाहेबांनाच." मित्रा, मी खोटे बोललो. 1995 साली मी मतच दिले नव्हते.

हे वाक्य लिहायला मला जवळजवळ तीस वर्षे लागली. त्या वेळी मी पुण्यात नवीन नोकरीवर होतो. एक दिवसाची रजा आणि रात्रीची एसटी, एवढाच प्रश्न होता. वडिलांचे पत्रही आले होते की मतदानाला ये. मी गेलो नाही, कारण 1974 च्या पोटनिवडणुकीपासून आबासाहेब सलग निवडून येत होते आणि याही खेपेला ते येणारच, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. निकाल लागला आणि त्यांच्याविरुद्ध उभे असलेले शहाजीबापू पाटील 192 मतांनी निवडून आले. त्यानंतर मी गावी आलो तो थेट तुझ्या दारात आलो. तू बापूंच्या प्रचारात वाड्यावस्त्यांवर हिंडला होतास, म्हणून नानांच्या देखत मी तुला नको ते बोललो आणि पुढे वर्षभर तुझ्याशी अबोला धरला. तुझ्या लग्नातही मी जेवण न करता निघून गेलो होतो. (वहिनी अजून त्या जिलेबीची आठवण काढतात, आणि त्यांचे ते हक्काचे आहे.) तू तर उघडपणे, आपल्याला पटलेल्या माणसासाठी राबला होतास. तुझ्यावर रागावण्याचा अधिकार ज्याला मुळीच नव्हता, असा तालुक्यात कोणी असेल तर तो मी होतो.

माझ्या एका मताने निकाल फिरला नसता, हे मला कळते. परंतु त्या काळात पुण्या-मुंबईत आणि इचलकरंजीला पोटासाठी गेलेली आपल्या तालुक्यातील किती मुले "ते तर येणारच" असे म्हणून थांबली असतील, याचा विचार मी करू लागलो की 192 हा आकडा फार लहान वाटू लागतो. आपल्या बरोबरीचे असे किती जण होते, ते तूही मोजू शकशील. त्यांच्यापैकी कोणाशीही मी हा विषय कधी काढला नाही, आणि त्यांनीही काढला नाही.

मला सर्वाधिक बोचते ते हे की त्या माणसाने आमच्याविषयी असे कधी गृहीत धरले नाही. 1962 साली पहिल्यांदा विधानसभेत गेलेला हा वकील 1972 साली पराभूत झाला, दोन वर्षांनी पुन्हा निवडून आला, आणि 1995 च्या पराभवानंतरही 1999 साली सत्तरी ओलांडलेली असताना परत उभा राहिला व जिंकला. 2014 पर्यंत अकरा वेळा, एकाच मतदारसंघातून, एकाच शेतकरी कामगार पक्षाकडून ते निवडून आले. 1978 चे आणि 1999 चे मंत्रिपद सोडले तर बहुतेक आयुष्य त्यांनी विरोधी बाकांवरच काढले. ज्या पक्षाची राज्यभर पीछेहाट होत गेली तो सोडून सत्तेच्या बाजूला जाणे त्यांना किती सोपे होते, याची कल्पना तुला माझ्याहून अधिक आहे, कारण तुमच्या बाजूचे लोकही हे मान्य करीत असत. आमदारांसाठी राखीव असलेल्या एसटीच्या आसनावर बसून ते मुंबईला जात. दुष्काळी माणदेशाच्या पाण्यासाठी क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडींबरोबर त्यांनी आटपाडीच्या पाणी परिषदा वर्षानुवर्षे चालवल्या. टेंभू उपसा सिंचन योजनेचे पाणी, रोजगार हमीची कामे, सूतगिरणी, हे सारे एका निवडणुकीत सांगून संपणारे नव्हते. त्यासाठी परत परत निवडून जावे लागत होते, आणि म्हणूनच मधल्या त्या चार वर्षांची खोट मला आजही मोठी वाटते. तू म्हणशील, बापूंनीही कामे केली. केली असतील. तो वाद मी आज उकरून काढत नाही.

2019 साली वयामुळे आबासाहेब थांबले आणि त्यांचे नातू अनिकेत 768 मतांनी पराभूत झाले. त्या वेळी मी सकाळी सातलाच केंद्रावर उभा होतो. 30 जुलै 2021 ला आबासाहेब सोलापुरात गेले आणि त्यांना सांगायचे ते सांगायचेच राहिले. खरे म्हणजे तालुक्याच्या आमदाराला एखाद्या मतदाराने काय सांगावे? तरीही एकदा सूतगिरणीवर ते समोर आले होते, वडिलांची विचारपूस केली होती, आणि मी मान खाली घालून उभा राहिलो होतो.

आता 23 तारखेला आबासाहेबांचे दुसरे नातू बाबासाहेब 25 हजारांहून अधिक मतांनी निवडून आले. राज्यात पक्षाची ही एकमेव जागा आहे. संध्याकाळी गुलालाने माखलेली धाकटी घरी आली आणि म्हणाली, "तुमच्या आबासाहेबांचं नाव राहिलं." मला आनंद झालाच, पण त्याच्याबरोबर एक काळजीही लागली आहे. नातवाला मिळालेली मते आजोबांच्या खात्यावरची आहेत, आणि "घराणं तर येणारच" असे आपण उद्या पुन्हा म्हणू लागलो, तर ही पोरेही एक दिवस रजा न घेता पुण्यातच थांबतील. बाबासाहेबांनी पाण्याचे आणि डाळिंबाच्या बागांचे प्रश्न आजोबांसारखे लावून धरले, तर त्यांना स्वतःची मते मिळतील. तोपर्यंत ते उधारीवर आहेत, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

शहाजीबापूंच्या त्या गाजलेल्या झाडी-डोंगराच्या संभाषणाची तू मोबाइलला लावलेली धून आता तरी बदल. दोन वर्षे तुला फोन करताना मी धास्तावलेला असतो. वहिनींची शस्त्रक्रिया नीट झाली, हे मोठ्याकडून कळले. चिरंजीवांच्या नोकरीचे काय झाले ते कळव. ठाण्याचे घर विकण्याचा विचार मात्र नानांना विचारूनच कर.

धाकटीला मी अजून खरे सांगितलेले नाही. माघी यात्रेला तू पंढरपूरला येतोसच, तेव्हा दोन दिवस सांगोल्यात उतर. तू समोर बसलेला असताना मी तिला सांगणार आहे, कारण माझ्या त्या खोटेपणाचा भुर्दंड तू भरला होतास.

नानांना शिरसाष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार.

तुझा,
शाळेमागच्या गल्लीतला